अंबू, तू वीट मागितली होतीस

अगे, तुझ्यावर रागवायचं आहे आणि तू घरात नाहीस, अशी पंचाईत माझ्यावर आजवर आली नव्हती. मी आवाज चढवला की तू जवळपास असायचीसच. या घरात मागल्या पायरीवर, गाडीत होतो तेव्हा तर हाताच्या अंतरावर. चिडायलासुद्धा समोर माणूस लागतं, हे मला या वयात कळतंय. काल मी भिंतीकडं बघून ओरडलो, तर तुझा भाऊ बापू धावत आला आणि मला वात झाला असं समजून सुंठ उगाळायला बसला.

म्हणून लिहायला घेतलं. तोंडानं बोललो की लोक जमतात, कागदाकडं कुणी फिरकत नाही. आपल्या घरच्या बोलीत लिहिणार होतो, पण लेखणी हातात आली की माझी भाषा दप्तरातली होते, त्याला इलाज नाही. तू हसशील. हस. तुझ्या हसण्याबद्दलच तर बोलायचं आहे.

परवा तुझं तेरावं झालं. पंगत उठत आली होती, मी ताकाचा भात कालवत बसलो होतो. पान टाकून उठायचं नाही म्हणून कालवत होतो. समोरच्या घरातली अलमेलु पाटी, सगळ्या गल्लीची आजी, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती डोळे पुसत होती आणि मला धीर द्यायला शब्द शोधत होती. तिला सापडला तो हा: “रायरे, तुमच्यासारखा नवरा कुणाला मिळतो हो? शेंगल केट्टा, वीडु वांगि कुडुत्तेळे!”

तिनं वीट मागितली, आणि तुम्ही घर घेऊन दिलंत.

“कसली वीट?” मी विचारलं.

पाटीला वाटलं, दुःखानं याचं डोकं जागेवर नाही. तिनं मला सावकाश समजावून सांगितलं. “चुलीची हो. तिरुनागेश्वरमला तुमच्या चुलीची वीट फुटली होती ना? अंबू तुमच्या मराठीत वीट म्हणाली, तुम्हाला आमचं वीडु, म्हणजे घर, ऐकू आलं. कितीदा सांगायची आणि आम्हाला हसवायची!” मग तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि पदर ओठांवर धरला. “ऐयो, रायरे. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

नव्हतं. मला सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. विहिरीवरच्या बायकांना, फुलवालीला, बापूच्या बायकोला. बापूला धरलं तर तो खाली बघून म्हणाला, “आक्कानं शप्पत घाट्लेली, भावोजी. तुम्हांस सांगू नको म्हणून. मी काय करू?” नऊ वर्षं सगळे मला नमस्कार करत होते आणि मनात हसत होते. आणि तू त्यांच्यात होतीस. त्यांची पुढारी होतीस!

मी तुला नऊ वर्षांत किती वेळा म्हटलं असेन, “तुझ्या हट्टापायी घर घेतलं”? तूच मागितलंस, आता भोग, असंही म्हणालो आहे. एकदा दिवाळीच्या सकाळी म्हणालो. तू दर वेळी काय म्हणायचीस? “होय. मीच मागट्लं.” आणि कामाला लागायचीस. मला वाटायचं, चूक कळली म्हणून गप्प झाली. स्वतःवर खूश होऊन मी पान खात बसायचो.

मी आहे कोण, तर वाचणारा माणूस. तंजावरचं राज्य गेलं आणि दप्तर तेवढं मागं उरलं. साहेबांच्या कचेरीनं गावोगाव विचारायला सुरुवात केली, ही जमीन तुमची कशावरून, हा देवळाचा हक्क कुणी दिला? लोकांनी माळ्यावरच्या पेट्या खाली काढल्या, तर आत मोडी. कावेरीकाठच्या तमिळ कुळांना ती वाचता येईना, आणि कचेरीतल्या नव्या कारकुनांनाही येईना. वडिलांनी मला मोडी शिकवली होती ती दरबारात कारकुनी मिळावी म्हणून. माझा हात तयार झाला तेव्हा दरबारच शिल्लक नव्हता. घर थोरल्या भावांनी वाटून घेतलं होतं. मग मी एक गाडी घेतली, तिच्यावर बांबूच्या कमानींचं कूंडु बांधून घेतलं, वर ताडाच्या पानांची शाकारणी केली आणि गावोगाव कागद वाचत निघालो. इथले लोक आपल्या रावाला रायर म्हणतात; रायर स्वतः बैल हाकतो म्हणून ते हसले. हसू देत म्हटलं.

तू सासरी आलीस ती त्या गाडीत. माहेरून आलेली पेटी मी वर चढवली आणि तुला हात दिला. तू आत डोकावून बघितलंस. खाली गवत, त्यावर कोरई गवताची चटई, कोपऱ्यात माझी दौत. रडशील अशी माझी तयारी होती. तू विचारलंस, “चूल कोठें?” मी गाडीच्या पोटाखाली टांगलेली दोऱ्यांची झोळी दाखवली. त्यात भांडी होती आणि तीन विटा. तू वाकून विटा मोजल्यास आणि म्हणालीस, “सरि.” बरं, चालेल.

त्यानंतर वीस वर्षं आपल्याला पत्ता नव्हता. पत्र कुणी लिहिलंच तर ‘मोडी रायर, आडुतुरैच्या बाजूला असतील’ असं लिहायचे, आणि ते पोचायचं. आज या गावच्या छत्राच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, अंगणात, उद्या कालव्याच्या काठाला चिंचेखाली. सकाळी उठून तू आधी गाडीपुढची जमीन झाडायचीस, पाणी शिंपडायचीस आणि रांगोळी घालायचीस. तासाभरात आपण तिच्यावरूनच गाडी काढणार असायचो, तरी घालायचीस. मी म्हणायचो, कशाला? तू म्हणायचीस, “आपलं दार नव्हे काय हे?” रोज नवं दार. कधी दारासमोर भाताचं खाचर, कधी देवळाची मागली भिंत, कधी नुसती बदकं. तुझी कुरकुर असायची ती बैलांबद्दल. मयिलै शहाणा, शेवलै नाटकी; तू शेवलैला शिव्या द्यायचीस आणि गुळाचा खडा त्यालाच द्यायचीस.

आडुतुरैचा तो कागद तुला आठवतो? मला ठाऊक आहे, आठवत असणार. देवळाच्या जमिनीची उत्तरेची हद्द. कागद वाळवीनं खाल्लेला, शब्द अर्धा गेलेला. ‘वाटेपावेतो’ की ‘वाडेपावेतो’? वाट म्हटली तर शेत देवळाचं, वाडे म्हटले तर शेजारच्या मिरासदाराचं. दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होते. मी कागद नाकाशी धरून बसलो. तू मागून येऊन म्हणालीस, “उन्हांत धरा की,” आणि स्वतःच धरलास. उजेड आरपार आला तेव्हा शाई गेली तरी बोरूची चर दिसली. ट होता. वाट होती. मी उठून उभा राहिलो आणि चारचौघांत म्हणालो, “ट आहे. माझ्या डोळ्यांतून ट आणि ड चुकायचे नाहीत.” किती ऐटीत म्हणालो! त्या दिवसापासून सगळ्या पंचक्रोशीत तेच म्हणू लागले. रायरचा ट म्हणजे ट.

आणि माझ्या स्वतःच्या बायकोच्या तोंडातला ट मला ओळखू आला नाही.

दोष आपल्या बोलीचाही आहे, मी सगळा माझ्यावर घेणार नाही. दोनशे वर्षं तमिळच्या शेजारात राहून आपल्या तोंडात ट आणि ड एकाच जागी बसतात. शब्दाच्या शेवटी आपण उगाच एक उकार लावतो. वीट म्हणताना वीटु म्हणतो, आणि वीटुचं वीडु व्हायला काय लागतं? पुण्याकडची माणसं एकदा छत्रात उतरली होती, ती आपलं बोलणं ऐकून आधी मजेत आली आणि मग त्यांना आपली कीव आली. मी त्यांच्यावर चिडलो होतो. आज वाटतं, त्यांच्या गावात तू असतीस तर तुला वीट मिळाली असती.

तिरुनागेश्वरमची ती संध्याकाळ मला आता लख्ख दिसते. पाटीनं सांगितल्यापासून दुसरं काही दिसतच नाही. आदल्या मुक्कामावर झोळीतली एक वीट फुटली होती. तू अर्ध्या तुकड्याखाली माती घालून चूल मांडलीस. रसमचं भांडं कललं आणि अर्धं रसम निखाऱ्यांत गेलं. मी गाडीच्या दांडीवर बसून एका वारसाचा कागद उतरवून काढत होतो. तू पदरानं हात पुसत आलीस आणि म्हणालीस, “अवो, मज एक वीट पाह्यजे. असं कितीक दिवस काढूं? इतकी वर्षं झाली, आणिक काय मागट्लं तुम्हांस?”

मी कागदातून मान वर काढली नाही. वर काढली असती तर कललेलं भांडं दिसलं असतं. त्या जळलेल्या रसमचा वास माझ्या नाकाला आला होता, तरी मी बघितलं नाही. मला ऐकू आलं ते एवढंच, की हिला घर पाहिजे. वीस वर्षांत हिनं काही मागितलं नाही, आणि आता मागते तर घर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, अगे. बाईमाणसाला वीस वर्षं चिंचेखाली निजवलं आणि आपण ट-डच्या ऐटीत फिरलो, असं वाटलं. मी म्हणालो, “सरि. होईल.” तू म्हणालीस, “उद्याच बघा.” त्या ‘उद्याच’नं तर मी पुरता हललो.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी घर शोधायला एकटाच चालत कुंभकोणमला गेलो. तुला सांगितलं, कामाला जातो. परत आलो तेव्हा तुझ्या चुलीत तिसरी वीट होती, कुठल्या पडक्या मंडपाच्या भिंतीतली तू स्वतः उचलून आणलेली. मी ती बघितली. बघूनही मला काही कळलं नाही! पुढल्या दोन महिन्यांत मी बैल विकले, गाडी विकली, होतं नव्हतं ते घातलं. बैल विकताना तू विचारलंस, “काय म्हणून?” मी म्हणालो, “बघशील.” किती शहाणा होतो मी. शेवलै जाताना तू त्याच्या तोंडात गूळ घातलास आणि तळ्याकडं तोंड करून उभी राहिलीस. मी समजलो, घर मिळणार याचा वास हिला लागला, आनंदानं रडते.

मग तो दिवस. मी कुलूप काढलं, दार ढकललं आणि म्हणालो, “घे. तू म्हट्लीस ना तिरुनागेश्वरमला, वीडु पाह्यजे म्हणून? हें घे तुझं वीडु.”

तू माझ्याकडं बघितलंस. मग घराकडं. मग परत माझ्याकडं. आणि हसायला लागलीस. पदर तोंडात कोंबून, खांबाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. मीही हसलो. नऊ वर्षं मी ते हसणं जपून ठेवलं होतं. घरात जीव गुदमरला, तुझ्याशी भांडलो, की मनाशी म्हणायचो, असू दे, त्या दिवशी ती किती खूश झाली होती. तेवढ्यावर मी हे घर सहन केलं. परवा पाटीनं तेही माझ्याकडून काढून घेतलं.

आता ऐक. मी तुला हे कधीही सांगितलं नाही. मला हे घर एक दिवसही आवडलं नाही.

पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. सकाळी डोळे उघडावेत तर तीच भिंत, त्याच भिंतीवर पोपडा, पोपड्याचा आकार तोच. ऊन रोज एकाच खिडकीतून येतं आणि त्याच फरशीवर पडतं. पाय पसरले तर कशाला लागत नाहीत. गाडीत मागल्या फळीला टेकायचे तेव्हा झोप यायची. शेजारी तेच, त्यांचा खोकला तोच. गावाला कंटाळलो तर गाव बदलता येत नाही. मी बाजारात वेत्तलै, विड्याची पानं, आणायला जातो सांगून गाड्यांच्या अड्ड्यावर जाऊन उभा राहायचो. शेणाचा आणि ओल्या पेंढ्याचा वास घ्यायचो. बैलवाले विचारायचे, कुठं जायचं, सामी? मी म्हणायचो, कुठं नाही. आणि घरी येऊन तुझ्यावर ओरडायचो, भाजीत मीठ जास्त म्हणून.

तुला सांगणार कसं? तू मागितलेलं घर. मला नको म्हटलं असतं तर तुझं ते हसणं फुकट गेलं असतं.

आणि तू! तू काय केलंस नऊ वर्षं? आता सगळं ओळीनं आठवतं आणि माझं डोकं फिरतं. घरात मातीची ऐसपैस चूल, आणि तू मागल्या पायरीवर तीन विटा मांडून भात शिजवायचीस. मी म्हणायचो, लोक काय म्हणतील? तू म्हणायचीस, “हिथं वारा येतो.” डब्यांच्या तोंडाला तू फडकी बांधायचीस, घट्ट, दोन गाठींनी. मी एकदा ओरडलो, घरात डबे कोण हलवतंय, रस्त्यावर खड्डे आहेत काय? तू म्हणालीस, “सवय.” घागर कधी खाली ठेवली नाहीस, टांगलीस. एवढी मोठी खोली सोडून चटई कोपऱ्यात दोन भिंतींना चिकटून घालायचीस. आणि मी त्याच कोपऱ्यात, तुझ्याशेजारी, दाटीनं निजायचो आणि मनात म्हणायचो, हिला खोली मिळाली तरी हिची गाडी सुटत नाही, काय बाई आहे! मलाही तिथंच झोप लागायची, हे कबूल करायला मला तुझं तेरावं व्हावं लागलं.

मोडीत वेलांटी एकच असते. ऱ्हस्व की दीर्घ ते वाचणाऱ्यानं पुढचं मागचं बघून ठरवायचं. हे मी लोकांना शिकवायचो. घरात पुढचं मागचं सगळं पसरलेलं होतं, आणि मी नऊ वर्षं चुकीचं वाचलं.

काल मी पाटीच्या ओट्यावर गेलो. लाज सोडून विचारलं, तिनं मला का सांगितलं नाही? पाटीनं हातातली वात वळून ठेवली. मग म्हणाली, “मी पण विचारलं होतं तिला. ती म्हणाली, पाटी, त्यांचं पोट त्या ट आणि डवर आहे. घरातच चुकलं हे कळलं तर उद्या लोकांचा कागद हातात धरवणार नाही त्यांना. हात कापेल.” मी म्हटलं, “आणि तुम्हाला सगळ्यांना सांगितलं ते?” पाटी म्हणाली, “कुणाला तरी सांगायला नको? एवढी मोठी गंमत बाई एकटी किती दिवस पोटात ठेवेल?”

मी उठून आलो. मला खरं तर तिथंच बसून रडायचं होतं, पण पाटीसमोर नको वाटलं. उपकार तरी असे करावेत की माणसाला मानता येतील! माझा हात कापू नये म्हणून तू तुझी वीस वर्षं विकू दिलीस. मला विचारलंस? मी म्हटलं असतं, कापू दे. मी म्हटलं असतं, चल, बैल परत घेऊ. बैल घेणारा स्वामीमलैचाच होता, शेवलै अजून त्याच्याकडं असता. एक वाक्य, अगे. “मी वीट म्हट्लें” एवढंच. आपण दोघं दारातच बसून हसलो असतो आणि संध्याकाळी रस्त्याला लागलो असतो.

पण मी तरी कुठलं बोललो?

आता ते सांगतो, जे मी बापूलाही सांगितलं नाही. तापाच्या चौथ्या दिवशी दुपारी तू डोळे उघडलेस. ओळख होती डोळ्यांत, बरळणं नव्हतं, मला फसवू नकोस. तू म्हणालीस, “ऊन कललं. बैल जुंपा.” मी तीन दिवस जागा होतो. वैद्य नुकता मान हलवून गेला होता. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मला राग येतो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मी म्हणालो, “बैल कोठले? विकले ना तुझ्या वीडूपायी!”

तू माझ्याकडं बघून थोडंसं हसलीस. मग कूस बदललीस. त्यानंतर तू बोलली नाहीस आणि संध्याकाळी गेलीस.

आपल्या संसारातलं शेवटचं वाक्य ते आहे, आणि ते माझं आहे. तोच शब्द, त्याच चुकीसकट, मी तुझ्या तोंडावर मारला. आणि तुला तेव्हाही मला दुरुस्त करावंसं वाटलं नाही. त्या हसण्याचा अर्थ मी पंधरा दिवस लावतोय. माझी चूक अजून तशीच आहे म्हणून हसलीस? की सगळं जमून गेलं, असू दे, म्हणून हसलीस? उन्हात धरून बघायला आता काही नाही. मी चुकीचा अर्थ लावला तरी सांगणारं कुणी नाही. हे मला सहन होत नाही, दुसरं सगळं होईल.

बापू म्हणतो, वर्ष होईपर्यंत घर सोडू नका. पाटी म्हणते, घर भरलेलं राहू दे, तिचं घर आहे. तिचं घर! काल तिरुविसनल्लूरहून एक गृहस्थ आले. त्यांच्या आजोबांची पेटी निघाली आहे, आतले कागद हात लावला की सुटतात, इथवर आणले तर भुगा होईल. कचेरीची मुदत जवळ आली आहे. म्हणाले, “रायरे, तुम्ही आता जात नाही असं ऐकलं, पण वाचणारं दुसरं कुणी उरलं नाही.” मी माझे हात बघितले. कापत होते, तू म्हणालीस तसे. मी त्यांना म्हणालो, “माझ्याकडून एक शब्द चुकला आहे. मोठा चुकला आहे. तरी चालेल काय?” ते म्हणाले, “कुठल्या कागदात?” मी म्हणालो, “घरच्या.” त्यांना काही समजलं नाही, पण ते या म्हणाले.

म्हणून आज सकाळी अड्ड्यावर गेलो, आणि बैलवाल्यानं कुठं जायचं विचारल्यावर पहिल्यांदा गावाचं नाव सांगितलं. घराची किल्ली पाटीकडं दिली. कधी परत येणार, तिनं विचारलं. ठाऊक नाही म्हणालो. पेटी उघडल्यावर तिथून पुढं कुणी बोलावलं तर जाईन, तिथून आणखी कुठं. एवढं सांगायला या कागदावर तुझ्याकडं आलो होतो, आणि रागवायला. हे शेवटचं मी गाडीत बसून लिहितोय, अक्षर वाकडं आलं तर खड्ड्यांना बोल लाव.

गाडीत चढलो तो सवयीनं पुढं, दांडीजवळ बसलो. गाडीवान म्हणाला, “सामी, जू मानेवर पडतं, मागं सरा.” मी मागं फळीला टेकलो. दांडी वर उचलली गेली, बैलांचे गळपट्टे ताणले. तो खाली उतरला, माझ्याकडं बघितलं आणि जरा हळू म्हणाला, “सामी एकटेच काय? मग नडुविले उक्कारुंग.” मधोमध बसा. वीस वर्षं मी पुढं बसून हाकत होतो आणि गाडी सरळ चालायची, मला वाटायचं मी चांगला हाकतो. मागं तू बसायचीस, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आता मी मधोमध बसलो आहे. पुढं जागा आहे, मागं जागा आहे, गाडी तोलात चालली आहे, आणि मला इथं बसता येत नाही, अगे.